अडीच आटे

वरुडहून ती ट्रॉलीवर आली,
संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांना टेकून.
लाल, बसकी, दोन माणसांपुरती,
दिवे मिटून घेणारी.
पोरं म्हणाली, घोरपड आली.

मालक डॉक्टर हरणे, जनावरांचे.
लिलावात घेतलेली, घरी अजून सांगितलेलं नाही.
"नागपुरात तिघांनी पायली. तिघांनी स्क्रू फिरवला."
"काऊन?"
"दोन दिवस बरं वाटे तिले."

मी डिझेलचे पंप खोलणारी बाई.
आत येणारी हवा मोजून
इंजेक्टरला निरोप धाडणारी झडप
बापाच्या वहीत नव्हती.
पण पेटणं पेटणंच असतं:
हवा, तेल, ठिणगी
आणि त्यांचं आपसात पटणं.

गार होती तेव्हा एका किल्लीत लागली.
गरम झाली तशी
काटा आठशे, बाराशे, परत सातशे,
नव्या गोऱ्ह्यानं दावं ओढावं तसा.
मागे उभी राहिले तर डोळे चुरचुरले,
भिंतीवर काळे शिंतोडे.
"जास्त पेते," मी म्हटलं.
"मंग चढावर दम काऊन तुटते? उपाशी असल्यावानी?"
तेही खरं होतं.
दोन्ही एकदम खरं असणं
मला आवडलं नाही.

चार प्लग काढून पेपरावर ओळीनं ठेवले.
पहिला काजळलेला. दुसराही.
तिसऱ्यावरचं काजळ तर बाळाला घालता आलं असतं.
चौथा पांढरा,
उन्हात पडलेल्या हाडासारखा.
डॉक्टर वाकले, दात पाहायची सवय.
"एकाच तोंडात
दोन जनावरांचे दात हायत हे."

बापाच्या बागेत एकदा एकच झाड सुकत होतं.
सालदारानं सगळ्या बागेला पाणी वाढवलं.
बाकीच्यांच्या मुळ्या सडायला आल्या, ते सुकतच राहिलं.
बाप एवढंच म्हणाला,
"पाट कुठं फुटला ते पाय आधी."
इथं उलटं.
फुटक्यातून काही जात नव्हतं,
न मोजलेली हवा आत येत होती,
एकाच झाडाला.

इंजिन बंद, गार होऊ दिलं.
डबा दूर, कडुलिंबाखाली,
पेट्रोलजवळ विस्तव नको.
गोवरीवर राळ टाकली, लांब नळी लावली,
दुसरं टोक इंजिनाच्या श्वासात कोंबलं
आणि नंदूला म्हटलं, मार पंप.
बराच वेळ काही नाही.
नंदू घामाघूम, डॉक्टरांचा चहा निवला.
मग चौथ्या इंजेक्टरच्या बुडाशी
उदबत्तीएवढी एक रेघ,
वाकडी, वर जाणारी.

रबराची कडी नखानं उचलली,
जुन्या बांगडीसारखी तुटली.
तशी दुसरी बापाच्या गोळ्यांच्या डब्यात सापडली,
पेट्रोलनं न फुगणारी, हिरवट.
कशासाठी जपली होती, कोण जाणे.

मग तो स्क्रू.
नागपूरच्या तिघांचे हात परत करायचे होते.
अर्धा आटा. कान दिला.
एक. दीड.
नंदू काही बोलणार होता, हात दाखवून गप्प केला.
दोनवर अजून जड.
अडीचवर काटा थांबला,
झोप लागलेल्या माणसाचा हात थांबतो तसा.
भिंतीवर खडूनं लिहिलं:
लाल गाडी, अडीच, मागं.

नवे प्लग लावून दिले. चौथा पांढरा ठेवून घेतला,
खिडकीत, बापाच्या चष्म्याशेजारी.
"शंभर किलोमीटर चालवून परत आणजो,
मले तोंड पाहू द्या."

संध्याकाळी फोन.
"चढावर थांबलो होतो."
पोटात धस्स झालं.
"म्हशी बसल्या होत्या रस्त्यात. दहा मिनिटं.
पण बंद नाही पडली."
इंजिन मागे ऐकू येत होतं, सलग,
आणि त्याच्यावरून एका बाईचा आवाज:
"पण यात पाय ठेवाचे कुठं?"